टोळीत कधी गेला माझा पोरगा?

फौजदारी वकिलीत मला सव्वीस वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी मोक्काच्या कागदांत गेली असतील. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९. मुंबईकर त्याला मकोका म्हणतात, आमच्या पुण्यात मोक्का. पेपरात रोज दिसणारा हा शब्द कायद्यात नेमका काय आहे, हे मी बरंचसं चुकत शिकले. त्यातलं थोडं इथे मांडते आहे, कारण ज्यांच्या घरावर ही वेळ येते त्यांना ते कुणी सांगत नाही.

१. तीन व्याख्या एकत्रच वाचाव्या लागतात

शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात एक मावशी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोळी-भाजी केंद्र चालवायच्या. मुलगा एकवीस वर्षांचा, आणखी सात जणांबरोबर मोक्कात आत. वकीलपत्रावर सही करता करता त्यांनी विचारलं, "ताई, माझा पोरगा टोळीत गेला कधी हो? मला कसं कळलं नाही?"

मी काहीतरी धीराचं बोलले. त्या रात्री मात्र कलम दोन पुन्हा पहिल्यापासून वाचलं. टोळी म्हणजे संघटित गुन्हे करणारी दोन किंवा अधिक माणसं. संघटित गुन्हा म्हणजे टोळीचा सदस्य म्हणून किंवा टोळीच्या वतीने, हिंसा, धमकी, दडपण किंवा अन्य बेकायदा मार्गाने, पैशासाठी किंवा दुसऱ्या फायद्यासाठी चालू ठेवलेलं बेकायदेशीर कृत्य. आणि 'चालू ठेवलेलं' कधी म्हणायचं? गुन्हा दखलपात्र हवा, त्याला तीन वर्षं किंवा जास्त शिक्षा हवी आणि मागच्या दहा वर्षांत अशा गुन्ह्यांची एकाहून अधिक दोषारोपपत्रं दाखल होऊन कोर्टाने त्यांची दखल घेतलेली हवी.

टोळीची व्याख्या गुन्ह्याकडे बोट दाखवते आणि गुन्ह्याची पुन्हा टोळीकडे. पहिल्या वाचनात डोकं गरगरतं. यात मोजता येतील अशा गोष्टी दोनच, तारखा आणि कलमं. म्हणून सुरुवात तिथून करायची.

२. दोन माणसं पुरतात

जुन्या दंडसंहितेत दरोड्याला पाच माणसं लागत, बेकायदेशीर जमावालाही पाच. नव्या न्याय संहितेतही तेच आहे. मोक्काची टोळी दोघांची होते. भाई, गँग, अड्डा, टोळीचं नाव असलं काही कायदा मागत नाही. 'यांची कसली टोळी, ही तर गल्लीतली पोरं' हे वाक्य मी असंख्य आयांकडून ऐकलं आहे. त्यांना ते मनापासून वाटत असतं. कोर्टात त्या वाक्याचा उपयोग होत नाही.

३. तक्ता ओळीओळीने वाचावा

मोक्काच्या प्रस्तावाला एक तक्ता जोडलेला असतो. गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणे, कलमं, आरोपींची नावं, दोषारोपपत्राची तारीख, सद्यःस्थिती. आमचे सीनियर हा तक्ता समोर घेऊन पट्टी आणि पेन्सिल हातात धरूनच बसत. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण त्या टेबलाशी झालं.

मावशींच्या मुलाच्या प्रकरणात तक्त्यात अकरा ओळी होत्या. अकरा गुन्हे म्हटलं की जामिनाचा अर्ज ऐकणाऱ्याचं मत वाचण्याआधीच बनू लागतं. आम्ही पट्टी ठेवली. चार ओळींत फक्त ३२३ आणि ५०४ होतं. साधी मारहाण आणि शिवीगाळ. दोन्ही अदखलपात्र, दोन्हींची शिक्षा तीन वर्षांहून कमी. त्या ओळी गेल्या. दोन दोषारोपपत्रं दहा वर्षांच्या पलीकडची. तीन ओळींत एकट्या म्होरक्याचं नाव, एका ठिकाणी बायकोने दिलेली फिर्याद आणि दोन ठिकाणी भावकीतल्या बांधाचं भांडण. त्यांचा टोळीशी काय संबंध? उरल्या दोन.

दोन म्हणजे 'एकाहून अधिक'. म्हणजे मोक्का उभा राहत होता. पण अकराचा डोंगर दोनवर आला होता, आणि त्या दोन ओळींत मुलाचं नाव कुठेच नव्हतं. मला वाटलं, सुटला.

४. 'त्याच्या नावावर एकही गुन्हा नाही' एवढं पुरत नाही

तोच युक्तिवाद मी जोरात केला आणि हरले. जामीन फेटाळला गेला. मावशींनी त्या दिवशी डबा न उघडताच परत नेला.

ही २०१५ च्या आधीची गोष्ट. २०१५ मध्ये मालेगाव स्फोटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोर्ट दखल घेतं ती गुन्ह्याची, गुन्हेगाराची नव्हे. म्हणजे आधीची दोषारोपपत्रं टोळीच्या बाबतीत असली की झालं. प्रत्येक आरोपीवर वेगळी असायला हवीत असं नाही. २०२१ मध्ये गौरी लंकेश खून खटल्यात, कर्नाटकाच्या अशाच कायद्याखाली, तेच पुन्हा सांगितलं गेलं. कायद्याचा हेतू पाहिला तर हे पटतं. म्होरके नवी, कोरी पोरं पुढे करतात, हे आम्ही सगळेच जाणतो.

पण मग आरोपी आणि टोळी यांना जोडणारा धागा दाखवावाच लागतो. मी तो मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर ठेवला होता. तो पहिला हवा होता. फोनवरचं बोलणं, पैशाची देवाणघेवाण, शस्त्र लपवणं, कुणाच्या कबुलीजबाबात आलेलं नाव, यांतलं काही आहे का? मुलाने केलं होतं ते इतकंच, की शेजारच्या मित्राला गाडीवर मागे बसवून भांडणाच्या जागी नेलं होतं. मारहाणीतल्या त्याच्या वाट्याचा जाब त्याने द्यावा, जरूर द्यावा. पण तेवढ्याने तो टोळीचा होत नाही. पुढे विशेष न्यायालयाने त्याच्यापुरता मोक्का काढला. तोवर तो दोन वर्षं चार महिने आत होता.

५. जुन्या गुन्ह्यांवर नवा मोक्का लागत नाही

तक्त्यातले जुने गुन्हे ही पायरी आहे. तिच्यावर नवा संघटित गुन्हा घडलेला असावा लागतो. २०१५ मध्येच 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध शिवा ऊर्फ शिवाजी सोनवणे' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. केवळ जुनी दोषारोपपत्रं आहेत म्हणून कुणाला या कायद्याखाली शिक्षा देता येत नाही.

६. 'वर्चस्व' या शब्दापाशी थांबावं

माझा सगळ्यात जास्त वेळ या शब्दाने घेतला आहे. व्याख्येत आर्थिक फायद्याबरोबर 'अन्य फायदा' असेही शब्द आहेत. खंडणी, सुपारी, जमिनीचा ताबा, हप्ता यांत पैसा उघड दिसतो. पण चौकात फ्लेक्स कुणाचा लागावा, गणपतीच्या वर्गणीवरून कुणी कुणाला काय बोललं, यावरून कोयते निघतात तेव्हा फायदा कोणता? फिर्यादीत ठरलेलं वाक्य येतं, 'परिसरात वर्चस्व प्रस्थापित करण्याच्या उद्देशाने'. मी अशी कितीतरी दोषारोपपत्रं पाहिली ज्यांत हे वाक्य शब्दशः तेच आणि त्याला आधार देणारा साक्षीदार एकही नाही.

वर्चस्व हा फायदा असू शकतो, हे मी नाकारत नाही. दहशत बसली की उद्याची खंडणी न मागता मिळते. भाजी मंडईतला कुठलाही गाळेवाला हे सांगेल. माझं म्हणणं इतकंच, की ते पुराव्याने दाखवावं. दुकानं कुणी बंद केली, रस्ता कुणी बदलला, तक्रार कुणी मागे घेतली, हे लिहून आणावं. छापील वाक्यावर माणसाला वर्षानुवर्षं आत ठेवणं मला अन्याय वाटतो.

७. दोन कुलपं आहेत, त्यांचे कागद मागावेत

हा कायदा कडक आहे म्हणून त्याला दोन कुलपंही आहेत. कलम २३ प्रमाणे मोक्काखाली गुन्हा नोंदवण्याआधी किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते, आणि कोर्टाने दखल घेण्याआधी किमान अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी. तपासही उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्ताच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. मंजुरी देणाऱ्यासमोर नेमके कोणते कागद होते, हे पाहायला अनेक वकील विसरतात. मीही एकदा विसरले होते.

कडकपणा किती, तेही सांगते. दोषारोपपत्रासाठी नव्वदऐवजी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरतो. जामिनासाठी, आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, अशी खात्री कोर्टाला पटावी लागते. तेलगी मुद्रांक प्रकरणात मुंबईच्या एका माजी पोलीस आयुक्तांच्या जामिनाचा विचार करताना, २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ही अट तारतम्याने वाचायला सांगितली. तो निकाल मी आजही प्रत्येक अर्जाला जोडते.

८. फिर्यादीच्या खुर्चीतही एकदा बसावं

बरीच वर्षं मी हा कायदा फक्त आरोपीच्या बाजूने पाहिला. मग एका हार्डवेअर दुकानदाराचं काम आलं. दर महिन्याला दोन पोरं यायची, काउंटरवर कोयता ठेवायची, पाकीट घेऊन जायची. कोयता ठेवल्याची लाकडावरची खाच त्यांनी मला बोटाने दाखवली. सनमायका उडालेला, बोटभर लांबीची. साध्या खंडणीच्या गुन्ह्यात पोरं जामिनावर सुटून दुसऱ्याच महिन्यात दुकानासमोर उभी राहिली होती. तक्रार देणाऱ्याला रात्री झोप लागत नव्हती.

१९९७ मध्ये संगीत कंपनीचे मालक गुलशन कुमार यांची भरदिवसा हत्या झाली, त्या काळातली मुंबई ज्यांनी पाहिली आहे त्यांना १९९९ चा कायदा का आला हे सांगावं लागत नाही. दहशतवादविरोधी टाडा कायदा १९९५ मध्ये संपला होता. नेहमीचा कायदा एकेक गुन्हा सुटा पाहत होता, त्यामागची साखळी पाहत नव्हता. ती पाहण्याचं साधन या व्याख्यांनी दिलं. पुढे कर्नाटकाने असाच कायदा केला आणि २००२ पासून दिल्लीतही महाराष्ट्राचाच कायदा लागू आहे.

म्हणूनच ढिसाळ प्रस्तावांचा मला संताप येतो. गाडीवर मागे बसवून नेणाऱ्या पोराला भरीला घातलं की खटला फुगतो, साक्षीदार थकतात आणि काउंटरवर कोयता ठेवणारे त्याच गोंधळातून निसटतात.

९. नवी संहिता आली, जुना कायदा राहिला

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्ह्याची व्याख्या देशभर आली. खंडणी, सुपारी घेऊन खून, जमीन बळकावणं, सायबर गुन्हे अशी यादी त्यात आहे. दोन माणसं आणि दहा वर्षं मात्र तीच. मोक्काची दोन कुलपं तिथे नाहीत. मोक्काची जामिनाची अट आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाबही नाही. कलम ११२ मध्ये छोट्या संघटित गुन्ह्यांत चोरी, हिसकावणी, जुगार, परीक्षेची प्रश्नपत्रिका विकणं हे सगळं आहे. शब्द आहेत 'गट किंवा टोळी', आणि त्या टोळीची व्याख्या तिथे दिलेली नाही. हे कलम मला धोक्याचं वाटतं. शिक्षा एक ते सात वर्षं.

१०. मावशींना आज मी काय सांगेन

तुमच्या घरातला कुणी या कलमांत असेल तर 'भाई'च्या ओळखीच्या माणसाकडे जाऊ नका, पैसे घेऊन मोक्का काढून देतो म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नको. दोषारोपपत्राची नक्कल आरोपीला विनामूल्य मिळते. ती मागा. खाजगी वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. नक्कल हातात आली की आधी तक्त्याचं पान शोधा आणि पट्टी-पेन्सिल घेऊन वकिलासमोर बसा.