दुष्फेन पाणी आणि खनिजांचे फेनतरण

सिल्वासा परिसर दख्खनच्या बसाल्ट खडकाच्या प्रदेशात मोडतो. या खडकातून झिरपत विहिरीत उतरणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. अशा दुष्फेन पाण्यात साबण फेसाळत नाही, उलट पांढरट साका तरंगू लागतो, हा अनुभव घरोघरचा आहे. हाच साका खनिजशुद्धीच्या कारखान्यात निर्माण झाला, तर हानी केवळ साबणाची होत नाही.

फेनतरण पद्धतीत खनिजाची बारीक भुकटी पाण्यात कालवून तीत हवा सोडतात. संग्राहक नावाचे रसायन हव्या असलेल्या खनिजाच्या कणांवर बसून त्यांना जलविरोधी बनविते. ते कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि निरुपयोगी भाग खाली राहतो. सल्फाइड खनिजांसाठी झँथेट वापरतात. फ्लुओराइटसारख्या खनिजांसाठी मात्र ओलिक आम्ल वा त्याचे सोडियम लवण, म्हणजे एक प्रकारचा साबणच, वापरावा लागतो.

सिल्वासाच्या ईशान्येस, नर्मदेच्या उत्तरेकडे, गुजरातमधील आंबाडुंगर येथे फ्लुओराइटचा मोठा साठा आहे. तेथील कार्बोनेटाइट खडकाची नोंद सुखेश्वाला व उदास यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. खनिजाच्या शुद्धीकरणासाठी गुजरात खनिज विकास महामंडळाने कडीपाणी येथे प्रकल्प उभारला. हायड्रोफ्लुओरिक आम्लासाठी फ्लुओरस्पारमध्ये सुमारे ९७ टक्के कॅल्शियम फ्लुओराइड असावे लागते. त्यामुळे अशा खनिजाच्या बाबतीत पाण्याच्या गुणवत्तेला विशेष महत्त्व येते.

साधा हिशेब पाहावा. लगद्यात ३० टक्के घनभाग धरल्यास एक टन खनिजामागे सुमारे २,३३० लिटर पाणी लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दर लिटरला २०० मिलिग्रॅम इतका कठीणपणा स्वीकारार्ह आहे. तो सर्व कॅल्शियमचा मानल्यास त्याच्याशी पूर्णपणे संयोग पावण्यास दर लिटरला १.२ ग्रॅम, म्हणजे टनामागे सुमारे २.८ किलोग्रॅम सोडियम ओलिएट लागेल. प्रत्यक्षात संयोग इतका पूर्ण होत नाही. तरीही संग्राहकाची नेहमीची मात्रा टनामागे काहीशे ग्रॅमच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे पिण्यास उत्तम पाणीही प्लवनास अयोग्य का ठरू शकते, हे उमगते. शिवाय कॅल्शियमचे आयन क्वार्ट्झच्या कणांवर बसून संग्राहकाला तेथे आधार देतात; मग वाळूही फेसाबरोबर वर येते आणि मालाची शुद्धता घटते.

यावर धुण्याचा सोडा हा स्वस्त उपाय आहे. वरील उदाहरणात टनामागे सुमारे अर्धा किलोग्रॅम सोडा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने कॅल्शियम वेगळे करण्यास पुरतो. तथापि खनिजातच कॅल्साइट असल्यास ते थोडेथोडे विरघळतच राहते. गाळतलावातील पाणी पुनःपुन्हा वापरल्यास क्षारही साचत जातात.

क्षार सर्वत्र अपायकारकच असतात असे मात्र नाही. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, लहान व पुष्कळ राहतात. त्यामुळे मुळातच जलविरोधी असलेला कोळसा अशा पाण्यात चांगला तरंगतो. चिलीतील काही तांब्याच्या खाणींत तर समुद्राचेच पाणी वापरले जाते. पण तेथे पायराइट दाबण्यासाठी चुना घालून पी-एच १० च्या पुढे नेल्यास समुद्रजलातील मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड बनून ते खनिजकणांवर लेपासारखे बसते. मॉलिब्डेनाइटचे प्लवन त्यामुळे विशेष मंदावते. म्हणून प्रयोगशाळेतील प्लवनचाचणी ऊर्ध्वपातित पाण्यावर न घेता कारखान्यात वापरावयाच्या पाण्यावरच घ्यावी लागते, आणि तीही उन्हाळ्यात व पावसाळ्यात स्वतंत्रपणे.