मान घासू नकोस गं, रक्त तपास

परवा बारशाला तू सारखी ओढणी मानेवर ओढून घेत होतीस, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही हं. खरं सांगू का, मीही दोन वर्षं तेच केलं. मंगळसूत्रानं काळं पडतंय म्हणून ते काढून ठेवलं, लिंबू-बेसन चोळलं, आणि भावाच्या लग्नाआधी तर टाचा घासायची वजरी मानेवर चालवली. मान सोलवटली, पदराचा काठही सोसवेना, आणि बरी झाली ती आणखी काळी होऊन. कारण तो मळ नव्हताच गं.

बोट फिरवून बघ. मखमलीसारखं जाडसर लागतं ना? काखेतही बघ, बारीक चामखिळी आल्यात का तेही. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त जास्त सोडत राहतं, आणि त्या जादा इन्शुलिननं त्वचेच्या पेशी भराभर वाढतात. साखर वाढायच्या आधीही हे दिसू शकतं, म्हणजे वेळ अजून तुझ्या हातात आहे. प्रत्येक काळ्या मानेमागे साखरच असते असंही नाही. पण तुझ्या आईला डायबेटिस आहे, तेव्हा टाळाटाळ चालायची नाही.

उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, दोन्ही कर. १०० आणि ५.७ च्या आत असेल तर छान. १२६ किंवा ६.५ ला पोचली किंवा त्यावर गेली तर डायबेटिस, डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करतील. मधलं काही आलं तर उंबरठ्यावर. पाळी पुढेमागे होत असेल तर तेही सांग, पीसीओएसमध्येही मान अशीच होते. मेडिकलमधून गोरं करणारं क्रीम मात्र आणू नकोस, काहींत स्टेरॉइड असतं.

आणि बघ, खाली सारखी खाज येत असेल तर लाजून पावडरीवर भागवू नकोस. साखर वाढली की बुरशीला आयतं खाद्य मिळतं. पायाची जखम चिघळत राहिली तरी लगेच दाखव.

माझी साखर उंबरठ्यावरच निघाली होती. भात निम्मा केला, रात्री जेवून चालायला लागले. वजन उतरलं तशी मानही निवळली, पण वर्ष गेलं त्यात.

शनिवारी सकाळी चहा न घेता ये. लॅब आमच्या कोपऱ्यावरच आहे, बरोबर जाऊ. परत आल्यावर भरपूर मटार घालून पोहे करते.