मिरचीचे बी राखताना: निवड झाडाची, फळाची नव्हे

मिरचीचे उत्पादन हा एकच गुण नव्हे. झाडावरची फळसंख्या, फळाचे वजन, लांबी, फांद्या, फुलोऱ्याला लागणारे दिवस अशा अनेक गुणांचा तो मेळ आहे. या प्रत्येक गुणामागे बहुधा अनेक जनुके असतात आणि त्यांत खत, पाणी, ऊन यांची भर पडते. त्यामुळे शेतातले सर्वांत लगडलेले झाड जातीनेही सरस असेलच असे नाही.

झाडाझाडांतल्या फरकात आनुवंशिक वाटा किती, हे आनुवंशिकतेच्या प्रमाणावरून कळते. फळाची लांबी व वजन यांत हे प्रमाण सहसा जास्त असते; झाडामागच्या एकूण उत्पादनावर परिस्थितीचा पगडा मोठा असतो. उत्पादनाशी बहुतेक वेळा फळसंख्येचे नाते सर्वांत घट्ट दिसते, पण संख्या वाढली की फळ लहान होण्याकडे कल असतो. म्हणूनच खळ्यावरच्या ढिगातून लांबसडक मिरच्या उचलून बी धरण्याची रीत फसवी ठरते: ते फळ मोजक्याच फळांच्या झाडाचे असू शकते.

खरिपात जून-जुलैमध्ये लावलेल्या मिरचीत झाडांची निवड पहिल्या तोड्याआधीच सुरू करावी. शेताचे सारखे भाग पाडून प्रत्येक भागातली उत्तम झाडे निवडल्यास जमिनीच्या कसातला फरक निवडीत फारसा शिरत नाही. बांधालगतची व तुटाळीशेजारची झाडे वगळावीत. त्यांना जागा व ऊन जास्त मिळालेले असते. बोकड्या (चुरडा-मुरडा) दिसलेले झाड कितीही फळांनी भरले तरी सोडून द्यावे. निवडलेल्या झाडांना खुणेची दोरी बांधून त्यांवरची फळे हिरवी न तोडता पूर्ण लाल होऊ द्यावीत.

मिरचीत स्वपरागीभवन मुख्य असले तरी मधमाश्यांमुळे परपरागीभवनही बरेच होते. प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींत किमान 200 मीटर अंतर ठेवतात. घरच्या बियाण्यासाठी एवढे अंतर जमत नसेल तर निवडक फांद्यांवर फुले उमलण्यापूर्वीच बारीक जाळीच्या पिशव्या बांधाव्यात.

हे सारे पुसा ज्वाला किंवा संकेश्वरीसारख्या सरळ जातींना लागू पडते. संकरित वाणाचे बी धरल्यास पुढच्या पिढीत गुण विभागले जाऊन झाडे एकसारखी राहत नाहीत. तिथे दरवर्षी नवे बियाणे घेणेच परवडते.

प्रत्येक झाडाचे बी वेगळे काढून सावलीत वाळवावे. पुढच्या हंगामात त्याची स्वतंत्र ओळ लावून शेजारच्या ओळींशी तुलना करावी. ज्या ओळीतली बहुतेक झाडे चांगली निघतात, तिचेच बी पुढे वाढवावे.