मांजर का घुरघुरते?

मराठीत कुत्रा गुरगुरतो आणि मांजरही गुरगुरते. पण कुत्रा गुरगुरला की आपण दोन पावले मागे सरतो आणि मांजर गुरगुरले की त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. एकाच शब्दाने हे दोन्ही आवाज सांगणे मला पटत नाही. म्हणून या लेखात मी मांजरासाठी आमच्या घरातला 'घुरघुर' हा शब्द वापरणार आहे. (कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे मित्रांनी विचारलेच. ज्याच्या घरी मांजर आहे त्याला शाखा कसली?)

माझी आजी म्हणते, मांजराच्या पोटात जाते फिरत असते. आजी शाळेत गेलेली नाही, पण तिची उपमा एका बाबतीत अचूक आहे. जात्याची घरघर अखंड चालते, तशी मांजराची घुरघुरही श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा चालूच राहते. फक्त हे जाते पोटात नसून गळ्यात असते. स्वरयंत्रातील स्वरतंतूंमधली फट सेकंदाला सुमारे २५ ते ३० वेळा मिटते व उघडते. आत-बाहेर करणारी हवा तितक्याच वेळा अडते व सुटते, आणि ती थरथर आपल्या तळहाताला जाणवते.

एके काळी छातीतील मोठ्या रक्तवाहिनीत रक्त खळाळल्याने हा आवाज होतो, असे मानणारेही होते. १९७२ साली रेमर्स व गॉटिए या संशोधकांनी स्वरयंत्राचे स्नायू घुरघुरताना ठरावीक तालात आकुंचन पावतात असे दाखविले. त्यावरून असे मानले जाऊ लागले की, प्रत्येक थरथरीचा हुकूम मेंदूकडून येतो.

२०२३ साली मात्र व्हिएन्ना विद्यापीठाचे ख्रिस्तियन हर्ब्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच प्रयोग प्रसिद्ध केला. असाध्य रोगामुळे ज्यांना मरण द्यावे लागले अशा ८ मांजरांची स्वरयंत्रे त्यांनी घेतली आणि त्यांतून उबदार, दमट हवा सोडली. मेंदू नाही, मज्जातंतूंचे संदेश नाहीत, तरीही आठही स्वरयंत्रांतून घुरघुरीइतका खर्जातला आवाज निघाला! स्वरतंतूंत तंतुमय ऊतीच्या लहान गाद्या आढळल्या. त्यांच्यामुळेच एवढासा प्राणी इतका खालचा स्वर काढू शकत असावा. याचा अर्थ जिवंत मांजराचे स्नायू स्वस्थ बसतात असा नव्हे. पेटी वाजवणारा सुराची प्रत्येक थरथर हाताने करीत नाही. तो भाता मारतो, थरथरते ती आतली पितळी पट्टी. तसेच काहीसे हे असावे.

आता मुख्य प्रश्न. घुरघुरणारे मांजर सुखी असते काय? पुष्कळदा असते, नेहमी नाही. गेल्या पावसाळ्यात आमची मांजर मागचा पाय ओढत आली आणि गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांआड जाऊन पडली. ती घुरघुरत होती. शेजारी म्हणाले, "घुरघुरतेय म्हणजे बरी आहे." म्हशीला पाहायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपला, तर हाड मोडलेले! जखमी, आजारी, विणारी, मरणाच्या दारातली मांजरेही घुरघुरतात, असे त्यांनी सांगितले आणि पायाला कामट्या बांधून दिल्या.

याचे मूळ बाळपणात शोधावे लागते. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, कानांनीही ऐकू येत नाही. तरी थोड्याच दिवसांत दूध पिता पिता ते घुरघुरू लागते आणि आईही घुरघुरते. न दिसणाऱ्या, न ऐकणाऱ्या जिवाला थरथर तेवढी कळते. 'मी इथे आहे, जवळ राहा', एवढाच तिचा निरोप असावा. दुखणाईत मांजर तोच निरोप स्वतःला देत असेल काय? या थरथरीने हाडे लवकर जुळतात असेही काही जण म्हणतात, पण ते सिद्ध झालेले नाही. आमच्या मांजरीचे हाड कामट्यांनी जुळले, एवढे मी सांगू शकतो.

घुरघुरीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो धूर्त आहे. २००९ साली ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांनी दाखविले की, खाणे मागताना काही मांजरे घुरघुरीतच एक उंच, रडवा सूर मिसळतात. हा सूर तान्ह्या मुलाच्या रडण्याशी जुळतो. कधी मांजर न पाळलेल्या माणसांनाही ती घुरघुर अधिक निकडीची वाटली. आमच्या आईने हे संशोधन वाचलेले नाही. पण दूध काढून ती चुलीपाशी आली की मांजरीचा सूर बदलतो, आणि आई मागे न पाहताच म्हणते, "थांब गं बाई, ओतते."