‘असंख्य’ म्हणजे किती? थवा मोजण्याचा एक धडा

गेल्या जानेवारीत आम्ही चौघे करमळीच्या तळ्यावर पक्षी बघायला गेलो होतो. तळ्याच्या कडेने कोकण रेल्वे जाते. पाण्यावर अडई बदकं दूरवर पसरली होती. मी वहीत लिहिलं, ‘हजारो पक्षी’. सोबतच्या सरांनी वही बघून विचारलं, “हजारो म्हणजे किती रे? दोन हजार की वीस हजार?” मला काही उत्तर देता आलं नाही.

आपल्या निबंधांत ‘असंख्य’, ‘अगणित’ हे शब्द सहज खपून जातात. पण ‘असंख्य’चा खरा अर्थ बहुतेक वेळा ‘मी मोजले नाहीत’ एवढाच असतो. म्हणून त्या दिवशी शिकलेली पद्धत इथे देतो.

फेस्ताच्या मिस्सेला किती माणसं होती, हे आपण कसं सांगतो? एका बाकावर सहा, अशी चाळीस बाकं, म्हणजे साधारण अडीचशे. थव्याचंही तसंच आहे, फक्त इथली बाकं आपण मनात मांडायची.

पहिली पायरी : थव्याच्या एका भागातले दहा पक्षी एकेक करून मोजा. त्यांनी किती जागा व्यापली, ते डोळ्यांत बसवा. मग तेवढ्याच दहा जागा शेजारी शेजारी धरा, की शंभरचा गट तयार होतो. हा गट सगळ्यात दाट भागातला घेऊ नका, विरळ टोकाचाही नको, मधला घ्या.

दुसरी पायरी : हा गट थव्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मांडत जा. जिथे पक्षी विरळ आहेत तिथे दुप्पट जागा शंभरची धरा, दाट असतील तिथे कमी.

तिसरी पायरी : पुन्हा मोजा, या वेळी उलट्या टोकाकडून. दोघे असाल तर आकडा आधी आपापल्या वहीत लिहा आणि नंतरच एकमेकांना सांगा. नाहीतर दुसऱ्याचा अंदाज पहिल्याच्या मागे जातो.

थव्यात दोन-तीन जातींचे पक्षी असतील तर आधी एकूण अंदाज घ्या. मग वेगवेगळ्या ठिकाणचे मिळून शंभर पक्षी नीट बघा. त्यांत सत्तर अडई असतील तर एकूण आकड्याचे सत्तर टक्के अडई धरायच्या. शेवटी ‘१४३७’ असा नेमका आकडा लिहू नका. अंदाजाला ‘१२०० ते १६००’ हेच शोभतं.

यात हमखास होणारी चूक म्हणजे कमी मोजणं. मागचे पक्षी पुढच्यांच्या आड जातात, थवा हलतो आणि मोठ्या आकड्याला मन कचरतं. त्या दिवशी उडालेल्या एका तुकडीला मी ‘तीनशे’ म्हणालो. घरी फोटोवर एकेक टिंब देत मोजले तर पाचशेच्या वर निघाले! सवयीसाठी ताटात मूठभर तांदूळ पसरा, अंदाज लिहा आणि मग मोजा. आठवडाभरात फरक कळतो.

उडत जाणारा थवा मोजायचं एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. १८१३ साली केंटकीमध्ये पक्षीचित्रकार ऑड्युबन यांनी पॅसेंजर पिजन या कबुतरांचे थवे पाहिले. त्यांनी हिशोब असा मांडला : थव्याची रुंदी एक मैल, वेग मिनिटाला एक मैल, वेळ तीन तास. म्हणजे १८० चौरस मैल. प्रत्येक चौरस यार्डात दोन कबुतरं धरली तर उत्तर येतं १११ कोटी ५१ लाख ३६ हजार. इथे दोनऐवजी तीन धरून बघा, लगेच सुमारे ५६ कोटी वाढतात. म्हणून आकड्याबरोबर आपण काय गृहीत धरलं, तेही लिहायचं असतं.

पण या गोष्टीतला मोठा धडा गणिताचा नाही. एवढी कबुतरं बघून खुद्द ऑड्युबनना वाटलं, की शिकारीने ती कमी होणार नाहीत. प्रत्यक्षात शिकार आणि जंगलतोड दोन्ही चालू राहिली. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात ‘मार्था’ नावाची शेवटची मादी मेली. मोजदाद झाली होती, पण एका वेळच्या आकड्यावरून पक्षी वाढताहेत की घटताहेत हे कळत नाही. त्यासाठी त्याच जागी, त्याच पद्धतीने, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. मग अंदाज थोडा चुकीचा असला तरी घट लपत नाही.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत याचसाठी होते, आणि त्यात आपल्यासारखे स्वयंसेवकच मोजतात. येत्या जानेवारीत मी पुन्हा करमळीला जाणार आहे. त्याच जागी उभा राहीन, तीच वही असेल. ‘हजारो’ हा शब्द मी खोडलेला नाही. त्याच्यापुढे आकडा लिहायची जागा मात्र सोडली आहे.