संगणकाला आपली मराठी शिकवताना



आपल्या संगणक कक्षातील आठही संगणकांवर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नियमित आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत आपली जुनी यंत्रे बसत नव्हती. नवे संगणक घ्यायचे की आहेत तेच चालवायचे, हा प्रश्न विश्वस्त मंडळापुढे आला. तेव्हा आम्ही काही पालक, माजी विद्यार्थी आणि दोन शिक्षक यांनी दर रविवारी सकाळी दोन तास बसून या यंत्रांवर लिनक्स बसवून पाहायचे ठरवले. त्या अभ्यासवर्गात आम्ही काय शिकलो आणि कुठे चुकलो, ते या पाठात सांगत आहोत.

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाची यंत्रसामग्री आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्यामध्ये एक मोठी प्रणाली काम करते. विंडोज ही तशी एक प्रणाली, लिनक्स ही दुसरी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून अशी प्रणाली करत असल्याचे जाहीर केले. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला होता. दोन्हींची कामे एकत्र आली आणि आज आपण जिला लिनक्स म्हणतो ती प्रणाली उभी राहिली. तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते. आपण एकाच पेनड्राइव्हवरून आठ संगणकांवर ती बसवली, तरी त्यात काही गैर नाही. उलट तसे करण्याची परवानगी तिच्या परवान्यातच लिहिलेली आहे.

१९९१ हे वर्ष लक्षात ठेवा. याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सरकारी मानक ठरले आणि याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. लिनक्स आणि संगणकावरची मानक देवनागरी अशी एका वयाची आहेत.

आमची चूक

आम्ही 'लिनक्स मिंट' ही प्रणाली निवडली. तिची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती ४ जीबी मेमरीच्या यंत्रावर नीट चालते. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की काहीही न बसवता ती आधी चालवून पाहता येते. आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे सारे तिथेच कळते. पहिल्या दोन यंत्रांवर काम बिनबोभाट झाले. तिसऱ्या यंत्रावर मात्र 'संपूर्ण डिस्क पुसून बसवा' हा पर्याय आम्ही सवयीने दाबला. त्या डिस्कवर आपल्या वार्तापत्राच्या सहा जुन्या अंकांचा मजकूर होता. तो गेला.

दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. विचारल्याशिवाय काही पुसले जात नाही. आम्हीच न वाचता 'हो' म्हटले. तेव्हापासून अभ्यासवर्गाचा पहिला नियम फळ्यावर लिहिलेला आहे : आधी प्रत, मग प्रयोग.

शोधाशोध केल्यावर कार्यालयाच्या कपाटात एक सीडी मिळाली आणि तिच्यात चार अंक निघाले. आम्हाला हायसे वाटले. पण अंक उघडला तर पडद्यावर मराठीचे नाव नाही! नुसती इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे.

अक्षरे कुठे गेली?

पूर्वी बहुतेक ठिकाणी मराठी विशिष्ट फॉन्टमध्ये टाइप होत असे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवलेले असे. दिसायला मराठी, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगातल्या सर्व संगणकांवर तोच आहे. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असल्याने ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास जागा चुकतात. म्हणून सातवी-आठवीच्या मुलांनी हे अंक समोर ठेवून स्वतः टाइप करायचे ठरवले. त्यासाठी आधी संगणकाला मराठी शिकवावी लागली.

मराठी कशी बसवली?

१. *भाषा.* लिनक्समधील बहुतेक सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. भाषांच्या यादीची अशीच एक फाइल आहे. ज्या ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह असते ती ओळ यंत्र सोडून देते. मराठी-भारत या ओळीपुढचे हॅश काढायचे, फाइल जतन करायची आणि भाषा तयार करण्याची आज्ञा द्यायची. बदल करण्याआधी त्या फाइलची प्रत ठेवायची. (पहिला नियम!) हेच काम सेटिंगच्या खिडकीतूनही होते, पण मुलांना आम्ही फाइल उघडूनच दाखवली. आत काय आहे ते वाचता येते, हे त्यांना कळावे म्हणून.

२. *फॉन्ट.* रेड हॅट कंपनीने सर्वांना मुक्तपणे दिलेला 'लोहित देवनागरी' हा फॉन्ट घेतला. लोहित म्हणजे लाल. कंपनीच्या नावातही लालच आहे.

३. *कळफलक.* कळफलकाच्या सेटिंगमध्ये 'मराठी' आणि 'गुजराती' या मांडण्या जोडल्या. दोन्ही 'इन्स्क्रिप्ट' पद्धतीच्या आहेत. ही पद्धत भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८० च्या दशकात ठरवली. तिच्यात डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने.

इन्स्क्रिप्टचा आपल्या मुलांना दुहेरी फायदा आहे. एम, जी, जे, एल या चार कळा दाबल्या की स, उकार, र, त असे येऊन 'सुरत' हा शब्द उमटतो. मांडणी गुजराती करून त्याच चार कळा दाबल्या तर तोच शब्द गुजराती लिपीत उमटतो. घरी खानदेशी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या आपल्या लिंबायत-उधन्याच्या मुलांना एका शिकण्यात दोन लिप्या मिळाल्या.

दुसरी गोष्ट क्रमाची. इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराच्या क्रमाने टाइप करायचे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, तरी आधी क, मग वेलांटी. 'सूर्य' लिहिताना रफार शेवटी य वर चढतो, तरी र आधी, मग हलन्त, मग य.

सापुताऱ्याचा समुद्र

एका अंकात शाळेच्या सहलीचे वर्णन होते. आठवीच्या एका मुलीने ते टाइप केले आणि आम्ही ते विश्वस्तांना दाखवले. त्यांपैकी एक आजोबा हसून म्हणाले, "सापुताऱ्याला आम्हीही गेलो होतो, पण तिथे समुद्र कधी पाहिला नाही!" वाक्यात 'खोल दर्या' असे उमटले होते. हवे होते 'दऱ्या'.

दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचे अनेकवचन. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा र. मराठी भाषेला हा फरक हवा असतो आणि युनिकोडने त्यासाठी नुक्ता असलेला वेगळा 'ऱ' दिलेला आहे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबले की तो येतो. त्यापुढे हलन्तासाठी डी आणि मग य. 'सापुताऱ्याला' हा शब्दही असाच लिहायचा. त्या मुलीने दुसऱ्या रविवारी सर्व अंक पुन्हा तपासून अशा चुका स्वतः शोधल्या. वर्गात व्याकरण म्हणून वाचलेला नियम तिला बोटांनी कळला.

काय जमले नाही

तेही सांगायला हवे. आपल्या कार्यालयाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे, त्यामुळे कार्यालयाचा संगणक आम्ही बदललेला नाही. एक जुना प्रिंटर अजून रुसलेला आहे. आठव्या यंत्राची डिस्कच खराब निघाली. पण सात संगणक चालू आहेत आणि प्रणालीसाठी शाळेला एक रुपयाही द्यावा लागलेला नाही. हा प्रयोग जगावेगळा नाही. केरळमधील सरकारी शाळांत २००० च्या दशकापासून मुले मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकत आहेत.

आम्हाला यातून उमगले ते इतकेच. ज्या यंत्राची सेटिंग आपल्याला वाचता येते, त्यात आपली भाषा आपण स्वतः बसवू शकतो आणि ती बिघडली तर दुरुस्तही करू शकतो. परप्रांतात राहून मराठी जपणाऱ्या शाळेला हे कौशल्य शुद्धलेखनाइतकेच गरजेचे आहे.

स्वाध्याय

१. इन्स्क्रिप्टमध्ये टाइप करा : तापी, किल्ला, सूर्य, सापुताऱ्याला.
२. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील अर्थाचा फरक सांगा. दोन्ही टाइप करा.
३. घरातील एखादी जुनी मराठी फाइल उघडा. ती युनिकोडमध्ये आहे का, ते कसे ओळखाल?
४. आई-बाबांच्या संगणकातील फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवली आहे का, ते आज विचारा.

एक विनंती. पुसल्या गेलेल्या दोन अंकांपैकी एक, एका पालकांच्या घरी छापील स्वरूपात मिळाला आणि मुलांनी तो टाइप केला. दुसरा अजून सापडलेला नाही. जुन्या वह्या-पुस्तकांच्या गठ्ठ्यात आपल्या वार्तापत्राचे अंक असतील तर कृपया शाळेत आणून द्यावेत. प्रत करून मूळ अंक परत देऊ. पहिला नियम आता आम्ही विसरणार नाही.