बंड, मुक्ती आणि जबाबदारी



दर वर्षी २ ऑगस्टला आपण मुक्तिदिन साजरा करतो. झेंडावंदन होते, भाषणे होतात, खाऊ वाटला जातो. यंदा त्याच्या तयारीत असताना नववीतल्या एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, "बाई, १९५४ साली लोक हत्यारे घेऊन सिल्वासाच्या पोलीस ठाण्यावर चालून गेले, त्यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो. २०२१ साली अमेरिकेत लोक संसदेत घुसले, त्यांना दंगेखोर म्हणतो. दोघांनीही सरकारविरुद्ध बंडच केले ना? मग फरक काय?"

आम्ही शिक्षक एकमेकांकडे पाहू लागलो. "ते वेगळे आणि हे वेगळे," असे म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण सिल्वासात राहणाऱ्या मुलांना या प्रश्नाचे उत्तर नीट मिळायला हवे, कारण आपला प्रदेशच एका बंडातून मोकळा झाला आहे. म्हणून हा पाठ.

१. त्या पावसाळ्यात काय घडले?

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला तरी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांकडेच होते. लिस्बनला सालाझारची हुकूमशाही होती. इथल्या वारली, कोकणा, धोडिया शेतकऱ्याला आपला राज्यकर्ता मत देऊन बदलण्याची काहीही सोय नव्हती.

२१ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सचे कार्यकर्ते फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली दादऱ्यात शिरले आणि दादरा मुक्त झाले. महिनाअखेर नरोली मुक्त झाली. २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा फडकला. यात आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे व प्रभाकर सिनारी होते. पुण्याकडून आलेले राजा वाकणकर, नाना काजरेकर आणि संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखे संघाचे स्वयंसेवक होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या चळवळीतले कम्युनिस्ट कार्यकर्तेही होते. एरवी ही मंडळी एका पंगतीला बसली नसती. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपली शिबंदी घेऊन खानवेलच्या बाजूला निघून गेला आणि ११ ऑगस्टला उदव्याजवळ भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला.

आणखी एक गोष्ट मुक्तिदिनाच्या भाषणांत सहसा येत नाही, ती इथे सांगतो. दादऱ्याच्या ठाण्यावरचे अनिसेतो रोझारियो आणि अंतोनिओ फर्नांडिस हे दोघे त्या लढ्यात मारले गेले. ते परक्या सत्तेचे नोकर होते, पण माणसेच होती. आपला इतिहास सांगताना समोरच्या बाजूचे मेलेलेही मोजावेत. जबाबदारीची पहिली पायरी तीच.

२. बंदुका होत्या, पण गादीवर कोण बसले?

आता खरा मुद्दा. ३ ऑगस्टच्या सकाळी इथे पोर्तुगीज नव्हते आणि भारत सरकारही नव्हते. हत्यारे होती ती मुक्तिसैनिकांच्या हाती, आणि तेही निरनिराळ्या पक्षांचे. "आम्ही जिंकले, आता आम्हीच राज्य करणार," असे कोणताही गट म्हणू शकला असता. जगात असे कितीतरी वेळा झाले आहे. राजाला हाकलणारा सेनापती स्वतःच राजा होऊन बसतो.

इथे तसे झाले नाही. मुक्त दादरा व नगर हवेलीचा कारभार वरिष्ठ पंचायत या संस्थेकडे आला. आप्पासाहेब करमळकर यांनी सुरुवातीच्या काळात प्रशासक म्हणून काम पाहिले. उरलेल्या पोर्तुगीज टपाल तिकिटांवर 'लिबरेटेड एरियाज्' असा छाप मारून ती वापरली गेली. जेमतेम ४९१ चौरस किलोमीटरचा, ७२ गावांचा हा मुलूख सात वर्षे असा आपल्या पायांवर उभा होता. तो काळ सुबत्तेचा नव्हता, पण सत्ता बंदुकीवाल्यांच्या खिशात न राहता पंचायतीच्या बैठकीत आली, हे विशेष.

३. हेगच्या न्यायालयात

पोर्तुगालच्या मते हा मुक्तिसंग्राम नव्हताच. भारतातून आलेल्या टोळ्यांनी केलेला हल्ला होता. तो मोडण्यासाठी दमणहून फौज न्यायची तर वाटेत भारताची जमीन लागते, आणि भारत वाट देईना. म्हणून २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. भारताने आधी न्यायालयाच्या अधिकारालाच हरकती घेतल्या. त्यातल्या काही १९५७ साली फेटाळल्या गेल्या. तरी भारत खटला सोडून उठला नाही. सेटलवाडांसारख्या वकिलांनी बाजू मांडली. न्यायमूर्ती छागला हे भारतातर्फे नेमलेले तात्पुरते न्यायाधीश म्हणून बसले.

या खटल्यात आपल्या मराठीचाही संबंध आला. पेशव्यांनी १७७९ च्या तहाने आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी पोर्तुगीजांना इथली गावे दिली, ती राज्य म्हणून की फक्त महसुलासाठी? न्यायालयाने कागद तपासून सांगितले की मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम होता, सार्वभौमत्व नव्हे. मात्र पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांची सत्ता मान्य होत गेली, हेही न्यायालयाने नोंदवले.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना १९५४ साली वाटेचा हक्क होता, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना तो हक्क नव्हता, असे ८ विरुद्ध ७ मतांनी ठरले. म्हणजे एका मताचा फरक! आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. सर्व काही आपल्या मनासारखे झाले नाही. पण आपल्या बाजूने झालेल्या गोष्टीचा हिशेब परक्या न्यायाधीशांसमोर मांडण्याची तयारी आपण दाखवली, याचे मोल मोठे आहे.

४. एका दिवसाचे पंतप्रधान, आणि राहिलेले उणे

१२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव एकमताने केला. करारावर सही करायला इथला प्रमुख हवा, म्हणून सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले. त्यांनी पंडित नेहरूंबरोबर करारावर सही केली. दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून आपण भारताचा भाग झालो. ज्या पंतप्रधानाचे पहिले आणि शेवटचे काम आपले पद संपवणे हेच, असा दुसरा आम्हाला माहीत नाही.

पण पाठ प्रामाणिक असावा, म्हणून पुढचेही सांगतो. १९६१ च्या कायद्याने वरिष्ठ पंचायतीकडे राहिले ते चर्चा करण्याचे आणि प्रशासकाला शिफारस करण्याचे अधिकार. जी पंचायत राज्य चालवत होती, ती सल्ला देणारी झाली. लोकसभेतला आपला प्रतिनिधी आधी राष्ट्रपती नेमत. निवडून दिलेला पहिला खासदार १९६७ साली गेला. २६ जानेवारी २०२० पासून आपला प्रदेश दमण आणि दीवशी जोडला गेला. आजही आपल्याला विधानसभा नाही. त्यामुळे खासदार, जिल्हा पंचायत, ग्रामपंचायत आणि नगरपालिका एवढ्याच ठिकाणी आपले मत पोचते. ते जपून वापरणे आपल्याला इतरांपेक्षा जास्त गरजेचे आहे.

५. लोकशाहीवर उठलेले बंड

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही तिला तीन कसोट्या दिल्या.

पहिली : ज्यांच्याविरुद्ध बंड झाले, त्यांना मताने बदलता येत होते का?
दुसरी : सत्ता हाती आल्यावर ती कोणाच्या हवाली केली?
तिसरी : केलेल्या कृत्याचा जाब द्यायची तयारी होती का?

६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनला अध्यक्षपदाच्या मतांची अधिकृत मोजणी चालू होती. हरलेले अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव संसदेत घुसला आणि मोजणी थांबली. म्हणजे ज्या मार्गाने राज्यकर्ता शांतपणे बदलता येतो, तोच मार्ग अडवला गेला. पहिल्या कसोटीवर सिल्वासा आणि वॉशिंग्टन वेगळे होतात ते इथेच. संसद सदस्य त्याच रात्री परत बसले आणि पहाटेपर्यंत मोजणी पुरी केली, ही चांगली बाजू. पुढे जबाबदारी ठरवण्याचे काम मात्र अर्धवट राहिले. सिनेटमध्ये ५७ जणांनी ट्रम्प यांना दोषी म्हटले, ४३ जणांनी नाही. दोनतृतीयांश मते हवी होती, म्हणून ते सुटले. सुमारे १५०० लोकांवर खटले झाले. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी त्यांनी त्यातल्या बहुतेकांना माफी दिली.

ब्राझीलमध्ये ८ जानेवारी २०२३ रोजी असाच जमाव संसद, सर्वोच्च न्यायालय आणि अध्यक्षांच्या कार्यालयात घुसला. तिथे खटले शेवटपर्यंत चालले. माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांना सत्ता बळकावण्याच्या कटाबद्दल सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा सुनावली.

जबाबदारी ठरवताना हयगय झाली तर काय होते, याचे जुने उदाहरण जर्मनीचे. नोव्हेंबर १९२३ मध्ये हिटलरने म्युनिकमध्ये बंडाचा प्रयत्न केला. तो फसला. शिक्षा पाच वर्षांची झाली, पण डिसेंबर १९२४ मध्ये तो बाहेरही आला. दहा वर्षे पुरी व्हायच्या आत तो देशाचा चॅन्सेलर झाला. सौम्य शिक्षा हे एकच कारण नव्हते, पण फसलेले बंड म्हणजे संपलेले बंड नव्हे, एवढे यातून नक्की शिकावे.

६. धोका खुर्चीतूनही येतो

लोकशाहीवर घाला नेहमी रस्त्यावरूनच येतो असे नाही. २५ जून १९७५ रोजी आपल्या देशात 'अंतर्गत अशांतता' हे कारण देऊन आणीबाणी लावली गेली. विरोधक तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली. मार्च १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून निकाल दिला आणि सरकार पायउतार झाले. झाल्या प्रकाराची चौकशी करण्यासाठी माजी सरन्यायाधीश शहा यांचा आयोग बसला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ मधले 'अंतर्गत अशांतता' हे सैल शब्द काढून 'सशस्त्र बंड' हे नेमके शब्द घातले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आणि एका महिन्यात संसदेची विशेष बहुमताने मंजुरी, अशा अटीही आल्या. राज्यकर्त्याला हवे ते 'बंड' म्हणता येऊ नये, यासाठी ही कुंपणे आहेत.

७. आमची एक कबुली

हे सर्व शिकवत असताना एक प्रसंग आमच्यावरच आला. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत हरलेल्या मुलाच्या तीन मित्रांनी चिठ्ठ्यांची पेटी हिसकावण्याचा प्रयत्न केला. धक्काबुक्की झाली. आम्ही त्यांना शिक्षा करणार होतो. पण विचारपूस करताना कळले की मते आम्ही शिक्षकांनी दार लावून, आमच्या खोलीत मोजली होती. मुलांना शंका आली ती उगाच नव्हती. तिचे उत्तर म्हणून पेटीवर हात टाकला, ते मात्र चूक होते.

दोन्ही चुका आम्ही वेगवेगळ्या मोजल्या. आम्ही वर्गापुढे आमची चूक कबूल केली आणि दोन्ही उमेदवारांच्या देखत, एकेक चिठ्ठी उलगडून, मते पुन्हा मोजली. निकाल तोच आला. तिघांनी वर्गाची माफी मागितली, आणि पुढच्या निवडणुकीत टेबल मांडण्यापासून शाई लावण्यापर्यंतची कामे त्यांच्याकडे दिली. हरलेल्या उमेदवाराने जिंकलेलीशी हात मिळवला, तेव्हा वर्गाने वाजवलेल्या टाळ्या विजयाच्या टाळ्यांपेक्षा मोठ्या होत्या.

त्या विद्यार्थिनीला आमचे उत्तर एवढेच : बंड चांगले की वाईट हे बंडाच्या दिवशी पुरते कळत नाही. आधी दार बंद होते का ते पाहावे, आणि नंतर दार कोणासाठी उघडले ते पाहावे. आपल्या वाडवडिलांनी बंद दार फोडले आणि किल्ली पंचायतीच्या हाती दिली. आज दार मतदानाने उघडते. ते फोडणारा, आणि आतून कडी लावणारा, दोघेही जाब देण्यास बांधील आहेत.

स्वाध्याय

१. वरिष्ठ पंचायतीच्या काळातली आठवण घरातल्या किंवा गावातल्या वृद्धांना विचारा आणि दहा ओळींत लिहा. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा.
२. हेगच्या निकालात कोणत्या मुद्द्यावर मते सर्वांत जवळची होती? एका मताचे महत्त्व त्यावरून सांगा.
३. पाठातल्या तीन कसोट्या इतिहासाच्या पुस्तकातल्या कोणत्याही एका बंडाला लावून पाहा.
४. पालकांसाठी : पुढच्या ग्रामसभेला किंवा प्रभागाच्या बैठकीला मुलांना बरोबर न्या. माहितीच्या अधिकाराचा (२००५) एक साधा अर्ज त्यांच्यासमोर लिहून दाखवा.
५. विश्वस्तांसाठी नम्र विनंती : शाळेचा वार्षिक जमाखर्च सूचना फलकावर लावावा. मुले वाचतील, प्रश्न विचारतील. त्यांना उत्तरे द्यावीत. हाही पाठाचाच भाग आहे.